वरचा सूर

आर्व्हिल साइझमोर गुरुवारी अचानक गेला. त्याला शुक्रवारी केंटकीच्या डोंगरउतारावर पुरलं आणि शनिवारी संध्याकाळी त्याचा धाकटा भाऊ व्हर्लिन मँडोलिन घेऊन रेडिओच्या नाट्यगृहात हजर झाला. शनिवार होता, दुसरीकडे जाणार कुठे?

साइझमोर बंधूंच्या गाण्याची दर शनिवारची पंधरा मिनिटं एका पिठाच्या कंपनीने जाहिरातीसाठी घेतलेली होती. कंपनी माणुसकीची. तिने दुखवट्यादाखल घरी पिठाचं पोतं पाठवलं. फक्त मयताची बातमी आपल्या पंधरा मिनिटांत नको, असं कळवलं. रडत बसलेली बाई पीठ मळत नाही, असा तिचा अनुभव होता.

निवेदक लॉवेल प्रूइट पडद्याआड वाट पाहत होता. त्याच्या हातात दोघा भावांच्या गाण्यांची तबकडी होती. या रंगमंचावर आजवर तबकडी वाजली नव्हती. पूर आले, खाणीत माणसं गाडली गेली, तरी शनिवारी कोणीतरी जिवंत माणूस समोर उभा राहून गायलाच होता. पण रेडिओचे शहरातले मालक निमित्तच शोधत होते. तबकडी जेवायला मागत नाही आणि मरतही नाही. प्रूइटने व्हर्लिनला परोपरीने समजावलं, की आज तू मूळ चाल गा, म्हणजे तुझा शनिवार राहील. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून ही तबकडी.

"चाल आर्व्हिलची आहे," व्हर्लिन म्हणाला.

"अरे, तो गेला."

"म्हणून मी त्याच्या जागेवर जाऊन बसू?"

"बसू नकोस. गा."

प्रूइटचं चुकत नव्हतं, हे व्हर्लिनलाही कळत होतं. थोरल्याने चाल धरायची आणि धाकट्याने तिच्यावर वरचा सूर लावायचा, हे पोरवयापासूनचं. चाल त्याला येत नव्हती असं नाही. ती तोंडातून काढायची वेळच कधी आली नव्हती.

लाल दिवा लागला. मायक्रोफोन एकच, दोघं भाऊ त्याला दोन बाजूंनी तोंड लावून गायचे. व्हर्लिन आपल्या बाजूला उभा राहिला. दुसऱ्या बाजूला माणूसभर जागा. त्याने चाल धरायची ठरवूनच तोंड उघडलं आणि वरचाच सूर निघाला. शेवटपर्यंत तोच. पायऱ्या काढून न्याव्यात आणि जिन्याचा कठडा तेवढा राहावा, तसं ते गाणं. समोरच्या लोकांनी कालच मूठमूठ माती टाकली होती. त्यांनी टोप्या काढल्या. टाळी कोणी वाजवली नाही. प्रूइटने तबकडी पाकिटातून बाहेर काढली.

तेवढ्यात कचेरीतला फोन वाजायला लागला. डोंगरापलीकडच्या वस्त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एकामागून एक लोक तक्रार करत होते, की तुमचं यंत्र तरी बिघडलंय किंवा आमचं. फोन घेणारी बाई रडत उठून गेली. घरी निघालेल्या व्हर्लिनने वाजणारा फोन उचलला.

"अहो, साइझमोरांचा एकच भाऊ ऐकू येतोय हो," पलीकडून एक म्हातारी सांगत होती. "मोठा येतच नाही. रेडिओच्या पेटीला चांगल्या दोन चापट्याही मारून बघितल्या."

"नाही येत, बाई," व्हर्लिन म्हणाला. "गुरुवारी मीही मारून बघितल्या."