नलिनीबाईंची नोटीस

सकाळी सातला मोबाईल वाजला, तशा नलिनीबाई उतू जाणारा चहा तसाच टाकून बाहेरच्या खोलीत धावल्या. चष्मा लावून मेल उघडला. बसवकल्याण रस्त्यावरच्या प्लॉटची जाहिरात.

"काळतोंडे," असं पुटपुटत त्या शेगडी पुसायला परत गेल्या.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. पाठवणाऱ्याचं नाव 'उपयोगी माहिती'. रोज सातला एक जाहिरात, एका दिवसाचा खाडा नाही. बाई वाट पाहत होत्या ती मुलाच्या, संकर्षणच्या मेलची. सहा वर्षांपूर्वी त्याने बाईंचं न ऐकता वडिलांना हैदराबादच्या दवाखान्यात हलवलं. ते घरी परत आलेच नाहीत. तेराव्यानंतर बाईंनी त्याला पोस्टकार्ड टाकलं, तुझं एक अक्षरही मला नको. पोरगाही आईसारखाच हट्टी, त्याने खरंच लिहिलं नाही. आधी त्याने लिहावं, मग पाहू, म्हणून बाई गावी, हुलसूरला ताठ बसून होत्या. रोज सातला जीव वरखाली व्हायचा, आणि निघायचं काय, तर बोअरवेल.

जन्मभर त्यांनी शाळेत पत्रलेखन शिकवलेलं. आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. म्हणून त्या प्रत्येक जाहिरातीला उत्तर द्यायच्या, पानभर झाडायच्या. माझा गुडघा धरलाय, जिना चढवत नाही, प्लॉट घेऊन काय करू? दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. इथे रक्तदाबाची गोळी मिळेना आणि तुम्ही पट्टे विकताय? तिसऱ्या दिवशी बिदरचं औषधांचं दुकान, गोळ्या घरपोच. बाईंनी गोळ्या मागवल्या, पण तळपायाची आग मस्तकात गेली. हे लोक दाराला कान लावून बसलेत की काय?

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी लिहिलं, माझ्या घरी कुणी येणार नाही, चकल्या कुणासाठी तळू? दुसऱ्या दिवशी तयार फराळाची जाहिरात आली. बाईंनी बस धरली आणि बसवकल्याणला वीरेश वकिलाचं ऑफिस गाठलं. वीरेश तरुण होता, कलबुर्गीहून नुकताच आलेला.

"बाई, जाहिरात करायचा हक्क हाय त्यांना," तो म्हणाला. "कोर्ट त्येला बी बोलणंच धरतंय. घटनेनं दिलेला हक्क हाय."

"आणि मला न ऐकायचा हक्क नाही?"

"हाय की. त्याला तोंड हाय म्हणून तुम्ही कान द्यायलाच पाहिजे, असं न्हाई. पण तुम्ही लेखी नको म्हणलाव का?"

"पाचशे वेळा."

वीरेशने बाईंची उत्तरं वाचली. बराच वेळ वाचली.

"ह्येला नको म्हणत्यात व्हय? गुडघा सांगितलाव, गोळ्या सांगितल्याव, चकल्या बी सांगितल्याव. वाचणाऱ्याला वाटंल, बाई गप्पा मारायल्यात."

"मी गप्पा मारत नाही. मी रागावते."

"व्हय, व्हय. आपण सरळ नोटीस धाडू. एकदा लेखी बजावलं, की फुडचा मेल म्हंजे तरास देणं, असं म्हणता येतंय."

"एकदा बजावलं की पुरतं?"

"इमानदार माणसाला पुरतं."

नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी सातला मोबाईल वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कायदा असा असतो. पण सकाळ काही केल्या सरेना. कुणावर रागवावं ते समजेना, आणि गुडघा दुखतोय हे सांगायलाही कुणी नव्हतं. चांगलं झालंय, आता कशाला हवंय नसतं खूळ, असं त्यांनी स्वतःलाच दटावलं.

आठव्या दिवशी वीरेश कोर्टाच्या कामाने हुलसूरला आला, तो कागद घेऊनच.

"जिंकलाव बाई. सही करून लेखी हमी धाडलीय. कंपनी-बिंपनी काई न्हाई, पुण्याचा एकच माणूस हाय."

नलिनीबाईंनी चष्मा पुसला आणि कागद खिडकीपाशी नेला. चारच ओळी होत्या. आपली नोटीस मिळाली. यापुढे एकही मेल पाठवणार नाही. याआधीही आपण मला एकदा लेखी बजावलं होतं, ते मात्र नीट पाळता आलं नाही, क्षमा असावी.

खाली सही होती, संकर्षण भीमसेन कुलकर्णी.