शालूबाईची दुसरी शिट्टी

शालूबाईनं शिट्टी फुंकली तेव्हा नाथाजीचं मशीन नीलगिरीच्या बुंध्याला नुकतंच लागलं होतं. करवतीच्या घरघरीत त्याला काही ऐकू गेलं नाही. समोर उभ्या असलेल्या धुळानं, शालूबाईच्या नवऱ्यानं, क्षणभर बायकोकडं पाहिलं आणि मग लाल झेंडा आडवा धरला. नाथाजीनं मशीन बंद केलं.

कोयनानगरच्या अलीकडच्या वळणावर घाट दोन्ही बाजूंनी अडवला होता. रस्त्यावर कललेली जुनी झाडं पाडायची होती. खालच्या अंगाला एसटी, तिच्यामागं दुधाचा टेम्पो, मग गाड्यांची रांग. लगेच हॉर्न सुरू झाले. मुकादम उदयसिंह रस्त्यावरून तरातरा चढ चढून वर आला.

सकाळी शालूबाईनं अशीच शिट्टी वाजवली होती. सगळे जीव घेऊन पळाले आणि शेंड्यातून एक वानर उडी मारून पलीकडच्या झाडावर गेलं. गडी पोट धरून हसले. पुन्हा असं झालं तर उद्यापासून कामावर येऊ नको, असं उदयसिंहानं तिला बजावलं होतं. धुळाचं म्हणणं, ती शिट्टी गळ्यातनं काढूनच ठेव. आपलं काम डहाळ्या गोळा करायचं. पण तिनं काढली नव्हती. गेल्या आठवड्यात वनखात्याच्या एका मॅडमनी सगळ्यांना हेल्मेट दिली, शिट्ट्या दिल्या आणि सांगितलं, की कुणीही वाजवली तरी काम थांबलं पाहिजे. ‘कुणीही’ हे त्या दोनदा म्हणाल्या होत्या. शालूबाईला ते तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

आता काय दिसलं, म्हणून उदयसिंहानं विचारलं.

"वर मोडल्याली फांदी हाय," ती म्हणाली. "अडकून बसलीया. बरोबर नाथाजीदादांच्या डोक्यावर."

सगळ्यांनी माना वर केल्या. नाथाजीनं डोळ्यांवर हात धरून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहिलं. तीस वर्षं तो झाडं पाडत होता. त्याला पानांशिवाय काही दिसलं नाही, आणि तसं त्यानं सांगितलं. उदयसिंहानं हात झाडले आणि मशीन चालू करायला सांगितलं. धुळानं झेंडा खाली घेतला, पण बायकोकडं बघायचं टाळलं.

नाथाजीनं मशीनच्या दोरीला हात घातला.

"आवं दादा," शालूबाई म्हणाली, "तिथनं न्हाई दिसायचं. जरा हिकडं या. माज्या जाग्यावरनं बघा."

नाथाजी थांबला. मग मशीन तसंच ठेवून चढ चढून ती उभी होती तिथं आला. तिनं त्याला बोटानं काही दाखवलं नाही, फक्त वारं येऊ द्या म्हणाली. खटावकडं शेरडांमागं हिंडताना तिनं जन्मभर झाडांचे शेंडे बघितले होते. पाला पाडायचा तर कुठली फांदी जिती आणि कुठली वाळकी, हे खालनंच ओळखावं लागतं.

खालच्या धरणावरून वारं वर आलं. सगळा शेंडा एका अंगाला कलला. मधली एकच फांदी कलली नाही. ती जागच्या जागी गर्रकन फिरली आणि पुन्हा लोंबत राहिली.

"व्हय," नाथाजी हळूच म्हणाला. "हाय."

मग एकदम धांदल उडाली. उदयसिंहानं स्वतः पळत जाऊन टेम्पोवाल्याला मागं घ्यायला लावलं. धुळानं पातळ दोरीला वाळूची पिशवी बांधली. पहिल्यांदा फेकली ती बुंध्यावर आपटून खाली आली. दुसऱ्यांदा फांदीच्या वरून गेली, पण निसटली. एसटीतले लोक खाली उतरले होते. कुणी मोबाइल धरून उभे होते, कुणी धुळाला कुठं मारायची ते सांगत होते. तिसऱ्यांदा धुळानं पिशवी गोफणीसारखी गरागरा फिरवली आणि सोडली. ती फांदीवरून बरोबर पलीकडं पडली, आणि रस्त्यावरून एकच आरडाओरडा झाला.

पातळ दोरीमागून जाड दोर वर गेला. दोन्ही टोकं धरून सहा जण लांब रस्त्यावर उभे राहिले. सातवी शालूबाई. कुणी तिला बोलावलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हणालं नाही. नाथाजीनं आकडे मोजले आणि सगळ्यांनी एकदम ओढलं.

फांदी सुटली. वाटेतली पानं फोडत, सोसाट्याचा आवाज करत ती सरळ खाली आली. माणसाच्या मांडीएवढी जाड. तिचं मोडकं टोक बुंध्याशी पडलेल्या ताज्या भुश्शातून खालच्या मातीत हातभर रुतलं, आणि ती तशीच उभी राहिली. नाथाजीच्या पायांचे ठसे तिच्या दोन्ही बाजूंना होते.

सगळे एकदमच बोलायला लागले. एसटीचा ड्रायव्हर परक्या माणसांना फांदी कुठनं आली ते हात करकरून सांगत होता. धुळा दोर गुंडाळत बायकोजवळ आला आणि म्हणाला, की मला तर आताबी वर कायच दिसत न्हाई. तो हसत होता. शालूबाईचं सकाळपासूनचं भ्या कुठल्या कुठं गेलं होतं. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. ती नुसतीच तळहातावरचे दोराचे वळ चोळत राहिली.

उदयसिंह बाजूला जाऊन पाणी प्याला. मग मात्र त्यानं उशीर झाल्याची आठवण करून दिली. नाथाजीनं फांदी ओढून बाजूला टाकली, मशीन उचललं आणि बुंध्याशी जाऊन उभा राहिला. पण मशीनची दोरी ओढली नाही. मागं वळून त्यानं चढावर पाहिलं.

"शालूबाई, आता करू का?"

ती आपल्या जागेवर गेली होती. मान वर करून ती एकेक फांदी बघत होती, आणि या खेपेला तिला कसली घाई नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "अजून बघतीया."

नाथाजी चढ चढून तिच्याजवळ आला. त्यानं मशीन खाली ठेवलं, शेजारच्या दगडावर बसला आणि तंबाखूची डबी काढली.