नुकसानीची पाहणी

सर्व्हेअरनं चिमट्यानं एक सिगार उचलला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला, आणि बाबांनी डोळे मिटून घेतले.

"जपून. वरचं पान सुटलंय त्याचं."

"आता काय जपायचं, साहेब?" सिगारवर हिरवट बुरशी दाट माजली होती. "किती म्हणालात?"

"चारशे बारा. एकतीस वर्षं जमवतोय. एकही कधी पेटवला नाही."

"मग करायचं काय त्यांचं?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. याला आता कसं समजवायचं, असं त्या नजरेत होतं. "ती खालची पेटी दिसते? ही जन्मली त्या वर्षीची. हिच्या लग्नात उघडायची होती. हिनं लग्न केलं नाही, पेटी वाचली."

"वाचली कुठं?" सर्व्हेअर म्हणाला, आणि लिहू लागला.

मुलीनं हसून घेतलं. बाबा चेष्टा करताहेत, एवढंच तिला पुरेसं होतं.

विमा कंपनीनं पहिल्याच पत्रात दावा नाकारला होता. सिगारच्या कपाटातली हवा ठरावीक दमट ठेवणारं एक यंत्र असतं. त्याच्या टाकीत फक्त डिस्टिल्ड पाणी घालायचं, अशी पॉलिसीची अट होती. तुम्ही नळाचं घातलंत, त्यातून बुरशी आली, असं कंपनीचं म्हणणं. यंत्र बिघडलं आणि वाफ सोडत राहिलं, असं बाबांचं. आई शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होती, तेवढे दिवस कपाट कुणी उघडलं नव्हतं. मुलीनं तीन पत्रं लिहून ही दुसरी पाहणी मिळवली होती.

आई गेली तेव्हा बाबा रडले नव्हते. घरी परतून कपाट उघडलं तेव्हा रडले. अडलेलं रडू कुठून तरी बाहेर पडतंच, असं मुलीनं स्वतःला सांगितलं, आणि त्याच दिवशी ठरवलं, हा दावा सोडायचा नाही. एक माणूस गेलं होतं. दुसरं तरी सावरायला हवं होतं.

कपाट आईच्या खोलीत होतं. घरात एसी त्याच खोलीला होता आणि तो कपाटासाठी बसवलेला होता. आईचा दम वाढला तशी तिची खाटही तिथंच आणली. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन अजून तसंच होतं, नळी गुंडाळून ठेवलेली. मशीनच्या पाण्याच्या बाटलीतूनच जंतू फुप्फुसात गेले, असं डॉक्टर म्हणाले होते. बाटली भरायचं काम आईच्या सेवेला ठेवलेल्या मावशींचं. मुलीनं त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं होतं. त्यांची छत्री अजून दाराशी लटकत होती.

"सील मी फोडतो," सर्व्हेअर म्हणाला. पहिल्या पाहणीच्या वेळी त्यानं टाकीला लाख लावली होती. त्यानं खिशातून पेनासारखं मीटर काढलं. "पाणी शुद्ध असेल तर आकडा पाचाच्या आत येतो. नळाचं असेल तर शेकड्यांत."

टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात त्यानं मीटर बुडवलं. बाबा मुलीचा हात घट्ट धरून उभे होते.

"दोन."

"मी सांगत नव्हतो?" बाबांचा आवाज चढला. "पण आमचं ऐकतंय कोण!"

"पाणी येतं कुठून? तेही लिहावं लागतं."

"औषधाच्या दुकानातून," मुलगी म्हणाली. "दर सोमवारी पाच लिटरचा कॅन. मीच लावून दिलाय. आईच्या मशीनलाही हेच लागायचं, आणि कपाटालाही."

"हाच का तो?" सर्व्हेअर वाकला. खाटेखाली निळ्या झाकणाचा कॅन होता, निम्मा भरलेला. त्यानं झाकण काढून मीटर आत सोडलं, वर काढलं, पुसून पुन्हा सोडलं.

"तीनशे चाळीस. हे नळाचं आहे, ताई."

त्यानं वहीत काहीतरी खोडलं. "शेवटच्या खेपेला टाकीत शुद्ध पाणी गेलं, मान्य. त्याआधी काय जात होतं, कोण सांगणार? कॅनमध्ये तर हे निघालं."

मुलीला त्याचं बोलणं धड ऐकूच येत नव्हतं. तिला जिना आठवत होता, कठड्याला धरून उभ्या असलेल्या मावशी आठवत होत्या. मी कॅनमधलंच घालत होते हो ताई, कॅनमधलंच.

"खोटं बोलली ती," मुलगी म्हणाली. "शुद्ध पाणी कुठं सांडलं, कुठं वापरलं, आणि कॅन नळावर भरून ठेवला. बाबा, हा आकडा लेखी मिळाला की मी पोलिसांत जाते. सोडणार नाही मी तिला."

"थांब गं तू!" बाबा तिच्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर सर्व्हेअरच्या पेनावर होती. "त्या बाईला कशाला मध्ये आणतेस? तिनं भेसळ केली म्हटलं की दावा गेलाच. साहेब, तुम्ही लिहा. तिचा काही संबंध नाही. टाकीत नळाचा एक थेंब गेलेला नाही कधी. टाकीला आठवड्याला अख्खा कॅन लागतो. सोमवारी आला की मी माझ्या हातानं सगळा कपाटात ओतायचो. सही करून देतो."

"आणि मग हा कॅन?"

"तो नळावर भरून पुन्हा खाटेखाली ठेवायचो," बाबा म्हणाले. "त्या बाईला कधी पत्ताही लागला नाही."