प्रेत आधी तपासा

"हात लाव, जुबल. नुसता कपाळाला लाव," चर्चचा कारभारी हूड म्हणाला. "खुनी असशील तर जखमेतून रक्त येईल. नसशील तर घरी जा. इतकं सोपं आहे."

ते सोपं नव्हतं, हे मृत्यूची चौकशी करायला आलेल्या कॉरोनर टिबेटला पक्कं ठाऊक होतं. ऑगस्ट महिना, भर दुपार. गिरणीवाला हार्लन क्राउच काल रात्रीच मेलेला, डोक्यामागे हातोड्याएवढी खोक. असल्या उन्हात प्रेतावर माशी बसली तरी काहीतरी पाझरतं. जुबलने बोट टेकवायचा अवकाश, एखादा थेंब निघणार, आणि मग ओकच्या झाडाखाली उभ्या असलेल्या स्लोकमच्या हातातला दोर कामाला लागणार. खेचर बांधायला आणलाय, असं स्लोकम सांगत होता. त्याच्याकडे खेचर नव्हतं.

टिबेट मूळचा खोगिरं शिवणारा. कॉरोनर झाला तो दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून. मारेकऱ्याने हात लावला की प्रेत रक्त सांडतं, ही जिल्ह्याची आजोबा-पणजोबांपासूनची रीत. कायद्याच्या पुस्तकात ती कुठेच नव्हती. पण एका बाजूला बारा पंच आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक असं झालं, की पुस्तकाची डाळ शिजत नसे. आपण आत्ता 'थांबा' म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. शब्द फुटत नव्हता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

जुबलवर संशय का, तर तो क्राउचच्या गिरणीत राबायचा. गुलामी संपून सहा वर्षं झाली तरी राबायचाच. गेल्या आठवड्यात त्याने काम सोडतो म्हणून सांगितलं होतं. पंचांना तेवढं पुरे होतं.

प्रेत मात्र देखणं दिसत होतं. बिजागरीवरून काढलेल्या दारावर त्याला निजवलं होतं. भांग सरळ, दाढी गुळगुळीत, सदऱ्याला इस्त्री. जिवंतपणी क्राउच इतका नीटनेटका कधी कुणी पाहिला नव्हता.

जुबल टोपी हातात घेऊन पुढे आला. "लावतो की, साहेब. पण एक विचारू?"

"विचार."

"प्रेत नीट चालतंय का, हे आधी बघायला नको? गिरणीत आम्ही धान्य तोलायच्या आधी रिकामी पारडी बघतो. तसं आधी एखाद्या निर्दोष माणसानं हात लावावा. रक्त नाही आलं, तर प्रेत खरं. मग मी लावतो."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. टिबेटच्या जिवात जीव आला. "रास्त आहे," तो घाईघाईने म्हणाला. "कारभारी, तुमच्याइतका निर्दोष माणूस या जिल्ह्यात नाही. लावा हात."

हूडचे दोन्ही हात खिशात गेले.

"माझी ना नाही," तो म्हणाला. "फक्त मार्चमध्ये मी त्याला एक दगड मारला होता. रागाच्या भरात. खांद्यावर बसला. प्रेताला तारखा कळतात का रे?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. स्लोकम म्हणाला, आपण तर क्राउचच्या पाठीत फावडं घातलं होतं, पण ते नाताळाच्या आधी, आणि फावडंही उसनं होतं. तिसऱ्याच्या बोटांना अचानक खरूज झाली. चौथ्याने शपथेवर सांगितलं, की आपण क्राउचला कधी बोट लावलं नाही, फक्त त्याचं वाटोळं व्हावं म्हणून दोन वर्षं रोज प्रार्थना केली. प्रार्थना धरतात का, यावर तासभर वाद झाला. हातमोजे घालून चालेल का, यावर आणखी अर्धा तास गेला.

"तूच लाव ना एनॉस," शेवटी हूड वैतागून टिबेटला म्हणाला. "कॉरोनर तू आहेस!"

टिबेटचा या रीतीवर काडीचा विश्वास नव्हता. तरी त्याचे हात कधीचे पाठीमागे जाऊन बसले होते. पिठात वाळू निघाली तेव्हा त्याने क्राउचला गिरणीच्या पाटात ढकललं होतं, ते त्याला नेमकं आत्ता आठवलं.

"ऊन फार झालं," तो म्हणाला. "निकाल लिहून टाकू."

'हार्लन क्राउच हा परमेश्वराच्या इच्छेने मरण पावला.' टिबेटने एवढं लिहिलं आणि तो अडला. "डोक्यामागच्या खोकेचं काय करू?"

"परमेश्वर मागून आला," हूड म्हणाला. "लिही."

बाराही पंचांनी सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुल्या मारल्या. स्लोकम दोर गुंडाळून घरी गेला.

अंगणात टिबेट आणि जुबल दोघेच उरले. "तुझ्या डोक्याला मानलं," टिबेट म्हणाला. "खरं सांग, हात लावायला घाबरला होतास ना?"

जुबलने वाकून क्राउचची वाकडी झालेली कॉलर सरळ केली. टिबेटने दचकून जखमेकडे पाहिलं. काही झालं नाही.

"साहेब, सकाळी मालकीणबाईंनी मलाच बोलावलं होतं. आंघोळ मी घातली. भांग मी पाडला. दाढी मी केली. हनुवटीला एकदा वस्तरा लागलासुद्धा. थेंब आला नाही."

"अरे, मग मघाशीच का नाही सांगितलंस? बाराच्या बारा जणांची तोंडं बंद झाली असती!"

जुबलने टोपी डोक्यावर घातली.

"त्यांनी एवढंच लिहून घेतलं असतं, साहेब, की वस्तरा माझ्या हातात होता."