सहा फुल्या

पाचवा रुमाल डोक्याला गुंडाळून मबारका जमिनीवरच्या पाचव्या फुलीवर जाऊन उभी राहिली. चिकटपट्टीच्या अशा सहा फुल्या एका ओळीत होत्या. सकाळपासून ती एकेक फुली सरकत होती. पाय भरून आले होते.

“आता डावा हात शेजारणीच्या खांद्यावर,” फोटोवाला शिहाब म्हणाला.

“शेजारीण कुठंय?”

“आहे असं समज. बाकीच्या उद्या येतील. सगळ्या बायका एकदम गोळा केल्या की नुसता कालवा होतो.”

मबारकानं हात हवेत ठेवला आणि करंगळी आत दुमडून घेतली. आठ वर्षांपूर्वी मशीनची सुई त्या बोटातून आरपार गेली होती. तेव्हापासून ते आकड्यासारखं वाकडंच राहिलं होतं.

“बोट लपवू नको, बाई. राहू दे. नंतर बघू त्याचं.”

मग त्यानं रंगांच्या चौकोनांची पट्टी तिच्या गालाशी धरली आणि एका चौकोनावर पेन्सिलीनं खूण केली. प्रत्येक फुलीवर तो हे करत होता.

“हे कशाला?”

“उजेडासाठी.”

मबारकानं मान डोलावली. कारखान्यात दोरा निवडताना तीही अशीच पट्टी कापडाला लावून बघायची.

रुमालांच्या कंपनीच्या मादाम राजा खुर्चीत कॉफी घेत बसल्या होत्या. “दमलीस ना? अजून एकच. सगळ्या रंगांच्या बायका आणि एकच कापड, अशी जाहिरात आहे. तू नसतीस तर ती अपुरी राहिली असती.”

ट्युनिशियातल्या मोनास्तिरच्या ज्या कारखान्यात मबारका शिवायची, तिथे दोनशे शिवणाऱ्या होत्या. त्यांच्यात इतकी काळी ती एकटीच. तिची निवड झाली तेव्हा शेजारच्या मशीनवरची सलूहा ओरडली होती, “अगं, आता आम्हाला ओळख देशील ना? का गॉगल लावून निघून जाशील?”

सगळ्या हसल्या, मबारकाही हसली. पण ओळख द्यायला हवी होती ती तिच्या सात वर्षांच्या मुलीनं.

नौरस रंगानं बापावर गेलेली, गव्हाळ. एका संध्याकाळी दारात बसून ती म्हणाली होती, “उम्मी, उद्यापासून तू शाळेत न्यायला येऊ नको. मामीला पाठव.”

“का गं?”

नौरस बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत राहिली. “पोरं म्हणतात, तुझी आई डांबरात पडली होती.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, ती माझी आई नाहीच. आमच्याकडे कामाला येते.”

मबारका रागावली नाही. रागवायचं तर किती जणांवर? दुसऱ्या दिवसापासून तिची भावजय हाला शाळेच्या फाटकावर जाऊ लागली.

म्हणून मादाम राजा जाहिरातीत येतेस का म्हणाल्या तेव्हा मबारकानं एवढंच विचारलं होतं, “फलक कुठं लागणार?”

“बसथांब्यावर. शाळेसमोर.”

“मग येते,” ती म्हणाली होती.

सहाव्या फुलीवर तिचं हसू ओठांवरच थिजून राहिलं. शिहाबनं पट्टीवर शेवटची खूण केली. “झालं. कामाला भारी आहेस तू. नेहमीच्या मॉडेली तासाभरात कुरकुरायला लागतात.”

मबारका भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं आपले तळवे चेपले.

तीन आठवड्यांनी फलक लागला. मबारकानं मालकाकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि हालाला सांगितलं, “आज मी जाते.”

“नौरस चिडली तर?”

“चिडू दे. आज बघूच.”

ती मागच्या गल्लीनं आली, त्यामुळे तिला फलकाची पाठच दिसत होती. फाटकाशी पोरांचा घोळका वर बघत उभा होता. मबारका भिंतीच्या कडेलाच थांबली.

तेवढ्यात नौरसनं तिला पाहिलं आणि ती धावतच आली. सगळ्यांच्या देखत तिनं आईचा डावा हात धरला, तिला ओढत घोळक्यात नेलं आणि तो हात उंच केला.

“हे बघा बोट! सांगत होते ना? ही माझी आई आहे!”

“खरंच की!” एक मुलगा म्हणाला. “तस्संच आहे!”

“लावा आता हात! बघा, खरं आहे!”

पोरं एकेक करून ती वाकडी करंगळी चाचपून बघू लागली. नौरसनं मात्र आईचा हात सोडला नाही. कितीतरी महिन्यांनी हा लहानसा, घामट हात असा चारचौघांत मबारकाच्या हातात होता. डोळे पुसून तिनं मान वर केली.

फलकावर सहा बायका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसत होत्या. सहाही जणी तिचंच हसू हसत होत्या. प्रत्येकीची डावी करंगळी वाकडी होती. एक बाई सायीच्या रंगाची, एक वाळूच्या, एक बदामाच्या, एक गव्हाच्या, एक मधाच्या. सहावी, सगळ्यात सावळी, दूध घातलेल्या चहाच्या रंगाची होती. मबारकानं उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे बघितलं.

नौरसनं तिचा हात हलवला आणि सायीच्या रंगाच्या बाईकडे बोट दाखवलं.

“उम्मी, उद्या न्यायला येशील तेव्हा तशी ये.”