पिशव्यांची रांग

हा थांबा उडाला तर ट्राम चार मिनिटं आधी पोचणार होती आणि नेवासकर साहेबांना बढती मिळणार होती. थांबे कुठे हवेत हे आता साहेबांनी शिकवलेली ट्रामच ठरवायची, खांबावरच्या कॅमेऱ्यातून उभी माणसं मोजून.

"इथं कुणी उभंच नसतं, मावशी. यंत्र खोटं बोलत नाही," थांब्याची पाटी उतरवून घेताना साहेब म्हणाले.

कळा सुरू झालेल्या सुनेला, रेश्माला, सावरत अनसूया कडाडली, "उन्हात कोण उभं राहील? आम्ही रांगेत पिशव्या ठेवतो आणि लिंबाखाली बसतो. तुझ्या आईनं रेशनला पिशवी नव्हती का लावली?"

लावली होती. साहेब पुटपुटले, "यंत्राला ते कुणी शिकवलं नाही."

"कुणी म्हणजे तूच की रे!"

ट्राम समोरून न थांबता गेली. तिला वाट द्यायला सिग्नलने बाकीची वाहनं अडवली. अनसूयेने बोलावलेली रिक्षा पलीकडे लाल दिव्यावर अडकली. दिवा हिरवा होण्याआधीच दुसरी ट्राम आली, मग तिसरी.

रेश्मा पिशव्यांशेजारीच बाळंत झाली.

साहेबांना बढती मिळाली, प्रवाशांना चार मिनिटं मिळाली. बाळाला श्वास मिळाला नाही.