सरकत्या फोनची खोड

सिद्धप्पांनी फोन वर सरकवला, खाली सरकवला, पुन्हा वर सरकवला आणि कानाशी नेऊन त्याचा खटका ऐकला.

"खट्ट वाजतंय," ते म्हणाले. "ही खोड हाय की हेच्यात."

सात रस्ता चौकातल्या आपल्या मोबाईलच्या दुकानात बिरुदेवानं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण हे गिऱ्हाईक निराळंच होतं. "काका, स्लायडर फोन हाय. सरकवला की वाजणारच. पोरं तर त्या आवाजासाठीच घेतात."

"पोरांचं ऱ्हाऊ दे. शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसाला ऐकू जाईल का, तेवढं सांग."

बिरुदेवाला काही उलगडा होईना. त्यानं बाजूला खाली मान घालून उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं. ही शिवानी, सिद्धप्पांची थोरली लेक. डोक्यावर पदर, कानाखाली पिवळा पडत चाललेला वळ आणि पायाशी कपड्यांची पिशवी. थोडे दिवस माहेरी काढून आज दुपारच्या एसटीनं ती बार्शीला सासरी जायची होती. जायची होती कसली, धाडली जात होती! धाकटीची सोयरीक ठरत आलेली. थोरली घरात बसलेली दिसली तर पाहुणे काय म्हणतील, असं तिची आईच रडत रडत म्हणाली होती. तिचा पहिला फोन नवऱ्यानं भिंतीवर आपटला, दुसरा सासूनं काढून घेतला. हा तिसरा कुणाच्या नजरेस पडायला नको होता.

म्हणून एवढी पारख. आणि पारख करावी तर सिद्धप्पांनीच! त्यांच्या मैंदर्गी गावात कुणाला बैल घ्यायचा झाला की लोक त्यांना हाताला धरून बाजारात न्यायचे. दात बघणार, खूर उचलून बघणार, चार पावलं चालवून बघणार, तेव्हा कुठं यांची मान हलणार. लेक दिली तेव्हा मात्र हाच माणूस पोराची नोकरी आणि घराचा स्लॅब बघून, चहाचा कप खाली ठेवायच्या आत सुपारी फोडून मोकळा झाला होता.

"चार्जिंग किती पुरंल?"

"आठवडाभर कुठं जात न्हाय. साधा फोन. नेट न्हाय, व्हॉट्सॅप न्हाय, तीच एक कमी बघा."

"न्हाय तेच बरं. सारखा चार्जरला लावलेला दिसायला नको." सिद्धप्पांनी फोन मुठीत झाकून बघितला. "बेताचाच हाय. जवारीच्या डब्यात तळाला सहज बसंल."

"धान्यात?" बिरुदेव हसला. "फटीतनं भुसा आत जाईल, काका. मग सरकायचा न्हाय. ह्या फोनची ही खोड मात्र खरी."

"मग कॅरीबॅगमधी गुंडाळून ठेव गं."

"कॅरीबॅग वाजती, अप्पा," शिवानी खालच्या मानेनंच म्हणाली.

बिरुदेवाचं हसू तिथंच विरलं. आता त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "आणखी एक सांगतो. आत एक पट्टी असती. सारखी उघडझाप केली तर ती तुटती, मग पडदा काळा."

"सारखी कशाला लागंल?" सिद्धप्पा लेकीकडे वळले. "लई झालं तरच फोन लाव, काय? उगं थोड्याथोडक्याला न्हाय."

"लई म्हंजे किती, अप्पा?"

सिद्धप्पा फोन उलटा करून त्याचं मागचं झाकण चाचपत बसले.

"तुमी विचारलं म्हणून खोड सांगितली," बिरुदेव म्हणाला. "न्हाय तर कोण सांगतंय?"

"सांगावीच लागती, बाळा!" आता सिद्धप्पांना बोलायला हक्काचा विषय सापडला. "आमच्याकडं खोड लपवून कुणी बैल गळ्यात मारला, तर तो परत करता येतो. विकणारा धनी गुमान दावं धरून त्येला घरी नेतो. परत आलेल्या बैलाला कुणी नावं ठिवत न्हाय. म्या स्वतः किती जणांस्नी परत न्यायला लावलंय, विचार मैंदर्गीत कुणालाबी."

शिवानीनं मान वर केली. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"त्यात कार्ड घातलंय," बिरुदेव म्हणाला. "आवाज कसा येतोय तेवढं बघून घ्या."

"माझ्याच नंबरला लाव," सिद्धप्पा म्हणाले.

ती दुकानाच्या पायरीपर्यंत गेली. नंबर पाठच होता. खट्ट वाजलं आणि सिद्धप्पांच्या खिशातली घंटी खणखणली. त्यांनी आपला जुना फोन कानाला लावला आणि परगावी बोलावं तसे मोठ्यानं ओरडले, "हॅलो! बोल की!"

शिवानी पाठमोरी उभी होती. समोर चौकात रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

"अप्पा," ती फोनमध्ये म्हणाली, "मला न्यायला या."

सिद्धप्पांनी पायरीकडे बघितलं. चार पावलांवर तिची पाठ दिसत होती. पुढं होऊन हात लांब केला असता तर पदर हाताला लागला असता.

"अप्पा, ऐकू येतंय न्हवं?"

त्यांनी फोन कानावरून काढला. उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले आणि ते बिरुदेवाकडे वळले.

"आवाज लई स्वच्छ येतोय," ते म्हणाले. "हाच दे बांधून."